पहिले दोन आटे

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

शटर वर करतोय तोवर गुरुजींची गाडी दारात उभी. निवृत्त मुख्याध्यापक, गाडी बारा वर्षांची, पण देव्हाऱ्यासारखी जपलेली. तक्रार एवढीच, की रोज सकाळी पोर्चच्या फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग पडतो.

खाली शिरलो. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या ड्रेन बोल्टभोवती पांढरी टेप लोंबत होती, प्लंबर नळाला गुंडाळतात ती. वरून काळं सिलिकॉन थापलेलं. मागची सर्व्हिसिंग कुठं केली, ते विचारलं नाही. पाना लावला तर बोल्ट सुटेना, आवळेना, नुसता गोल फिरतो. खाली घमेलं धरून बोल्ट खाली ओढत फिरवला, तेव्हा कुठं निघाला. त्याच्या आट्यांत चमकदार तार अडकलेली होती. तार कसली, चेंबरचेच आटे ते, स्प्रिंगसारखे सबंध उपटून आलेले.

बोल्ट लोखंडी, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं. दोघांत ओढाताण झाली की मऊ असतो तो जातो. एम १४ चा बोल्ट, पिच दीडचा, म्हणजे एका आट्यापासून दुसरा दीड मिलिमीटरवर. अशा बोल्टाला ३५ ते ४० न्यूटन-मीटर पुष्कळ झाले. वीतभर पाना आणि एका हाताचा जोर. पण दर वेळी नवा वायसर घालायला हवा, तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा. तो दबला की पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. जुनाच घातला की थेंब येतो, थेंब आला की माणूस आणखी आवळतो, पान्याला पाइप लावून आवळतो, आणि एक दिवस बोल्ट एकदम हलका होतो. तो हलकेपणा ज्याच्या हाताला कळला, त्याला त्या क्षणी सगळं समजलेलं असतं. इथंही समजलं होतं. म्हणून तर टेप आली.

गुरुजींना वाकायला लावून बॅटरीच्या उजेडात भोक दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "परीक्षेत पोरं चुकलेल्या उत्तरावर शाई सांडायची, तसं केलंय हे."

आटे जातातच. माझ्याही हातून गेलेत. पण गाडी मालकाच्या ताब्यात देताना तोंड मिटून घेणं मला कधी पटलं नाही. तेल गेल्याचा दिवा लागेपर्यंत इंजिनात काय काय घासून गेलेलं असतं, हे त्या टेप लावणाऱ्याला ठाऊक नसेल असं नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

तीन वाटा होत्या. भोकात एक माप मोठा, स्वतःच आटे पाडत जाणारा बोल्ट घुसवायचा; स्वस्त, आणि पुढच्या दोन तेलबदलांत पुन्हा तेच. दुसरी वाट हेलिकॉइलची, म्हणजे स्प्रिंगसारख्या तारेच्या आट्यांची. तिसरी बुशची, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेल्या नळीची. हेलिकॉइल मला आवडतं, पण ड्रेन बोल्ट दरवर्षी उघडायचा असतो, त्याला भरीव बुशच बरा. नवीन चेंबरचा भाव विचारून तोही गुरुजींना सांगितला. म्हणाले, "बुश टाका. पण काय करताय ते मला सांगत जा."

चेंबर उतरवलं. कडेनं वीसेक बोल्ट, सगळे दहाच्या पान्याचे, म्हणजे एम ६. एकेक बोल्ट पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून ज्या त्या जागी खोचला. लांबी सारखी दिसते, पण दोन-तीन हमखास लांब असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, आणि आवळणाऱ्याला वाटतं अजून बसायचाय.

चेंबर घेऊन उद्यमनगरात गेलो. लेथवाले काका, मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मिस्त्रींच्या काळातले. मापं तोंडी सांगितली: बाहेरून एम २०, आतून एम १४, दोन्ही पिच दीडचे, वर कॉलर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटानं भोक चाचपलं. "भिंत पुरेल?" स्वतःच विचारलं, कॅलिपर लावला, "पुरतीय." चेंबर ड्रिल मशीनवर बांधून साडेअठराचं भोक केलं, मग टॅप. पुढं एक फेरा, मागं अर्धा, वरून रॉकेल. मागं घेतला की कीस तुटतो आणि खोबणीत पडतो. पुढंच दामटत राहिलं की तोच कीस नव्या आट्यांत भरडला जातो. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, पोलादाला कटिंग ऑइल, बिडाला काहीच नाही, कोरडंच. हे मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी याच गल्लीत शिकलो.

बुशाला लॉकिंगचं लाल लिक्विड लावून बसवला. नाहीतर पुढच्या वेळी बोल्टाबरोबर बुशच फिरून यायचा. चोवीस तास हात लावायचा नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

चेंबर चढवलं. कडेचे सगळे बोल्ट आधी हातानं लावले, मग समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले, शेवटी टॉर्क पान्यानं १० न्यूटन-मीटर. नवं तेल, नवा वायसर. गुरुजींना सांगितलं, आठवडाभर रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. डाग दिसला तर कितीही वाजता फोन करा.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

दूधवाल्याची मोटारसायकल. राधानगरीच्या बाजूला चार महिने पावसात भिजलेली. सायलेन्सरच्या बेंड पाइपचे दोन्ही स्टड हेडमध्येच तुटलेत. एक तीन-चार मिलिमीटर बाहेर, दुसरा पार आत. नट गंजून एकजीव झालेला, त्यानं घरीच पाना लावला, आणि नटाऐवजी स्टड फिरला. "नट सुटला म्हणून खूश झालो होतो हो," म्हणाला.

बाहेर असलेल्या स्टडला गंज सोडायचं तेल मारून दोन तास ठेवलं. मग त्याच्यावर नट ठेवून आतून सीओटू वेल्डिंगनं भरून घेतला. पोलादाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळं हेडला काही होत नाही. उलट ती उष्णता स्टडच्या मुळापर्यंत जाते आणि गंज तडकतो. लाली गेल्यावर मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जाताना दिसतं, वातीत तेल चढावं तसं. मग पाना. एकदम सोडायचा नाही. इकडं चिमूटभर, तिकडं चिमूटभर. चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला कर्रर्र असा आवाज आला आणि तो फिरू लागला. या आवाजासाठी मी अजूनही हातातलं सगळं बाजूला ठेवतो.

अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे हेड गरम असताना भोक सैल पडतं. दुकानात शिकायला असलेल्या पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "मग गरम इंजिनातच प्लग काढलेला बरा की, मामा!" नाही. सुटतो खरा, पण तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात, प्लगाला चिकटून निघतात. प्लग थंड इंजिनातच काढायचा. तुटलेल्या स्टडची गोष्ट वेगळी, तिथं दुसरा इलाज नसतो. एकच नियम दोन जागी उलटा कसा, हे त्याला पटायला वेळ लागेल. मलाही लागला होता.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आत तुटलेला स्टड. इथं ईझी-आउट वापरायचा मोह होतो, आणि मी तो टाळतो. त्याला कारण आहे. मिस्त्रींकडं असताना ते जेवायला गेले होते, तेव्हा एका ट्रॅक्टरच्या ब्लॉकमधला तुटका बोल्ट काढायला मी ईझी-आउट ठोकला आणि जोर लावला. तो आतच मोडला. ईझी-आउट इतका कडक, की त्याला ड्रिल लागत नाही. मिस्त्री परत आले, बघितलं, काही बोलले नाहीत. दीड दिवस बसून छोट्या दगडानं घासून त्यांनी तो कण कण काढला. ट्रॅक्टरवाल्याला स्वतः सांगितलं, "पोराच्या हातून चूक झाली, उशिराचे पैसे घेणार नाही." मजुरी बुडाली ती त्यांची.

तर आज ड्रिलच. भोक मध्यावर पाडणं हेच सगळं काम. तुटलेलं तोंड तिरकं असतं, ड्रिल उताराकडं पळतं आणि मऊ हेडमध्ये शिरतं. बेंड पाइपची चकतीच हेडवर बांधली, तिच्या भोकात लेथवर केलेली छोटी नळी बसवली, आणि नळीतून ड्रिल घातलं. आधी अडीच, मग चार, मग पाच. पाचचं भोक पडल्यावर उरली ती आट्यांत अडकलेली पातळ साल. ती टोकदार सळईनं आत दुमडून चिमट्यानं ओढली. पण गंजानं आटे खाल्लेलेच होते. ६.३ चं भोक करून, आटे पाडून हेलिकॉइल.

पोरानं पहिल्यांदाच हेलिकॉइल हातात घेतलं. "ही तर पेनातली स्प्रिंग!" स्टेनलेसची तार, पण तिचा छेद गोल नाही, चौकट तिरकी धरल्यासारखा. बाहेरचं टोक हेडमध्ये आट्यासारखं बसतं, आतलं टोक बोल्टाला आटा होतं. मोकळी असताना भोकापेक्षा थोडी मोठी असते; हत्यारानं पिळून आत घातली की फुगून भिंतीला धरते. पृष्ठभागाच्या अर्धा फेरा खाली बसवायची, आणि तळाची आडवी शेंडी मोडून काढायची. शेंडी पोराला मोडायला दिली. टिक् असा बारीक आवाज. लगेच चिमट्यानं बाहेर काढायला लावली आणि डबीत ठेवली. मोजून. ती आत पडलेली राहू नये म्हणून.

नरम भोकात पोलादी आटे. पहिल्यापेक्षा मजबूत. दूधवाल्याला नटाच्या आट्यांना लावायला तांब्याची ग्रीस दिली आणि पुढच्या पावसाळ्याआधी यायला सांगितलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सर्वपित्री अमावास्या, गाड्या नाहीत. बोल्टांचे डबे उपडे करून निवडायला बसलो. उद्या घट बसतील. दसऱ्याआधी हे दरवर्षी करतो.

पोरगा रंगावरून निवडत होता. त्याला डोकी वाचायला शिकवलं. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनच्या ताणाला तुटणारा, आणि त्याच्या ८० टक्क्यांना, ६४० ला, कायमचा लांबणारा. १०.९, १२.९ तसेच चढत जातात. डोक्यावर काहीच नसेल तो फाटकाच्या कडीला लावायचा, गाडीला नाही.

मग पिच गेज. डब्याच्या तळाशी इंची बोल्ट निघाले, जुन्या जीपचे. अडीच सुताचा, म्हणजे पाच भागिले सोळा इंचाचा, एक त्याला दिला आणि आठ मिलिमीटरच्या नटात घालायला सांगितला. तो बोल्ट मिलिमीटरमध्ये ७.९४. डोळ्यानं फरक कळत नाही. दोन फेरे गेला, मग जड झाला. पोरानं सहज पाना उचलला. "थांब. आता गंज नाही, धूळ नाही, नवा नट आहे. जड का झाला?" गेज लावून त्यानंच शोधलं: नटाचा पिच सव्वा, बोल्टाला इंचाला १८ आटे, म्हणजे १.४१. पान्यानं रेटलं असतं तर गेला असता आत. आणि दोघांचंही वाटोळं झालं असतं.

जगात आधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली देशभरातले बोल्ट गोळा करून एक प्रमाण सुचवलं, ५५ अंशांचा आटा. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशांचा मांडला, तो पाडायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एकच इंची प्रमाण ठरवलं. आपल्या आजच्या मिलिमीटरच्या आट्याचा कोनही ६० चाच. पाच अंशांसाठी केवढा तंटा! पण ज्याच्या हातात न बसणारा बोल्ट आहे, त्याला तो तंटा खरा वाटतो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

बोलून ठेवल्यासारखी आज जीपच आली. भुदरगडकडच्या एका शेतकऱ्याची, वडिलांच्या वेळची. दसऱ्याला पूजेला उभी करायची आहे, ब्रेक बघून द्या म्हणाला. मी उजवं चाक काढेपर्यंत पोरानं डाव्या चाकाला पाना लावून, त्यावर पाइप चढवून उभं राहून जोर दिला. खाट्‌कन आवाज. स्टड तुटला.

चूक माझी. या जीपच्या डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत, हे मी आधी सांगायला हवं होतं. चाक फिरताना नट आपोआप सैल पडू नयेत म्हणून डावीकडं डावे आटे. सायकलच्या डाव्या पायडललाही तेच. पोरगा आपल्या समजुतीनं नट सोडत होता आणि खरं तर आवळत होता.

त्याचा चेहरा उतरला. त्याला घेऊन मालकाकडं गेलो आणि सांगितलं की स्टड आमच्याकडून तुटला, नवा आम्ही घालू. शेतकरी म्हणाला, "माझ्या बाऽनंबी एकदा तोडला हुता की. घाला, घाला." मग स्टडच्या टोकावरचं बारीक 'एल' पोराला पुसून दाखवलं. गंजाखाली होतं. ब्रश मारल्याशिवाय दिसणारच नव्हतं. डाव्या आट्याचा स्टड मिळवायला संध्याकाळ झाली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

ललिता पंचमी. टेंबलाईच्या देवळाच्या वाटेवर सकाळपासून गर्दी, दुकान दुपारी उघडलं. मोकळा वेळ होता म्हणून पोराला डोळे मिटून बोल्ट लावायला बसवलं. आधी उलटा फिरवायचा, हलक्या बोटांनी. दोन्ही आट्यांची तोंडं एकमेकांवरून घसरली की बोल्ट किंचित खाली पडतो, टक्. तिथून सरळ फिरवायचा. पहिले दोन आटे बोटानं गेले तर पुढचे जातात. बोटानं जात नसेल तर पान्याला हात लावायचा नाही.

दहा-बारा वेळा केल्यावर तो डोळे न उघडताच हसला. "कळालं. पडतोय त्यो." यावर मी काही बोललो नाही, पण मला फार बरं वाटलं. बोल्ट आवळायची गन आल्यापासून पोरं हे विसरत चाललीत. गनला टक् ऐकू येत नाही.

ट्रॅक्टरच्या ब्लॉकमधला एक बोल्टही आज होता. भोक पुढं बंद, आत तेल साठलेलं. हवा मारून कोरडं केलं, कापड लावून. तसाच आवळला असता तर तेलाला जायला वाट नाही, ते दबतही नाही. बिडाला चीर जाते.

२१ ऑक्टोबर, शनिवार

एका टेम्पोवाल्याशी बिनसलं. मागच्या चाकाच्या दोन स्टडचे आटे सपाट झालेत. म्हणतो, नट वेल्डिंगनं टाचा, परवा दसऱ्याचा झेंडू भरायचा आहे, नंतर बघू. मी नाही म्हणालो.

त्याला वाटतं बाकीचे नट आहेत की. पण नटाच्या आतसुद्धा सगळे आटे सारखा भार घेत नाहीत. बसणीजवळचा पहिला आटा एकटाच साधारण तिसरा हिस्सा घेतो, दुसरा त्याहून कमी, आणि सहाव्या-सातव्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. म्हणून पहिले आटे खाल्लेला स्टड वरून कितीही चांगला दिसला तरी गेलेलाच. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचा सगळा कडकपणा वाया जातो. चेंबरला बुश चालतो, हेडला हेलिकॉइल चालतं. चाक, ब्रेक, स्टिअरिंग इथं दुरुस्ती नाही, बदलायचं. रस्त्यावर दुसरी माणसंही असतात.

रागानं निघून गेला. तासाभरानं परत आला, दोन नवे स्टड आणि नट घेऊन. घातले. आवळून झाल्यावर पन्नासेक किलोमीटरवर पुन्हा एकदा आवळून घ्यायला सांगितलं. हो म्हणाला. घेईल, असं वाटतंय.

२३ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून, चौरंगावर मांडली. पाने, पक्कड, टॉर्क पाना, आणि मिस्त्रींची टॅपची लाकडी पेटी. तिच्यात प्रत्येक मापाचे तीन तीन टॅप: पहिला उतरता, दुसरा मधला, तिसरा तळापर्यंत आटे नेणारा. आठ मिलिमीटरचा मधला टॅप त्यांच्या हातूनच मोडला होता, त्याची जागा त्यांनी मोकळीच ठेवली. मीही नवा आणून तिथं ठेवला नाही, दुसऱ्या डब्यात ठेवला.

पोरगा हळदीकुंकू लावत असताना गुरुजी आले. हातात घडी घातलेली वर्तमानपत्रं, आठ-दहा. मी म्हटलं आठवडाभर ठेवा, त्यांनी रोज एक बदललं होतं आणि प्रत्येकावर कोपऱ्यात तारीख घातली होती. टेबलावर एकेक उलगडून दाखवलं. धूळ होती, एकावर मांजराची पावलं होती. तेल कुठंच नव्हतं.

चहा घेऊन गेले. हत्यारांखाली अंथरायला पोराला कागद हवा होता, त्यानं त्यातलाच वरचा घेतला, मांजराच्या पावलांचा.